शिंपल्यांची साक्ष : मुंबई उपनगरांतील खाड्यांच्या प्रदूषणाचे मापन

पाण्याची परीक्षा पाण्यावरूनच करावी, हे वरवर पाहता स्वाभाविक वाटते. विहिरीच्या किंवा तलावाच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु भरती-ओहोटीच्या खाडीला हाच नियम लावू गेल्यास अडचण उत्पन्न होते. वेसाव्याच्या बंदरात भरतीच्या शिगेला भरून घेतलेली पाण्याची एक बाटली आणि त्याच जागी सुमारे सहा तासांनी ओहोटीच्या अखेरीस भरलेली दुसरी बाटली ह्या जणू दोन निरनिराळ्या जलाशयांतून आणल्या असाव्यात, इतका फरक त्यांत पडू शकतो. पहिलीत मुख्यत्वे अरबी समुद्राचे पाणी असते. दुसरीत ओशिवरा नदीने व उपनगरांतील नाल्यांनी आणून टाकलेले पाणी असते. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरांहूनही अधिक चढते. भांगाच्या दिवसांत ही हालचाल बरीच मंदावते. त्यातच पावसाळ्याचे चार महिने खाडीचे स्वरूप सर्वस्वी पालटून टाकतात. अशा स्थितीत एका बाटलीतील पाण्याचे पृथक्करण म्हणजे त्या एका क्षणाची हकीकत होय, खाडीची नव्हे.

दुसरी अडचण रासायनिक आहे. कॅडमियम, शिसे, पारा ह्यांसारखे धातू समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या स्थितीत लिटरमागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही पुष्कळ कमी प्रमाणात असतात. इतक्या अल्प प्रमाणाचे मापन करताना बाटलीचे बूच, होडीचा रंग, परीक्षकाचे हात ह्यांपैकी कोणतीही वस्तू निष्कर्ष बिघडवू शकते. म्हणून मापनशास्त्रज्ञांना असा पदार्थ हवा होता की, जो अहोरात्र पाण्यात राहून त्यातील द्रव्ये स्वतःमध्ये साठवील, एकाच जागी राहील आणि सहज हाती लागेल. निसर्गाने तो आधीच निर्माण करून ठेवला होता. तो म्हणजे शिंपला.

पद्धतीचा उगम

ह्या पद्धतीची वाढ प्रथम थंड पाण्याच्या प्रदेशांत झाली. युरोप व उत्तर अमेरिका येथील लहानमोठ्या बंदरांच्या धक्क्यांवर आणि खडकांवर मायटिलस एड्युलिस ह्या निळसर काळ्या शिंपल्यांचे दाट थर चिकटलेले असतात. अमेरिकेत १९६५ ते १९७२ ह्या काळात फिलिप बटलर ह्यांच्या देखरेखीखाली किनाऱ्यावरील शिंपल्यांतील डी.डी.टी. व तत्सम कीटकनाशकांची नियमित तपासणी झाली. पुढे १९७५ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे एडवर्ड गोल्डबर्ग ह्यांनी सर्व जगाच्या किनाऱ्यांसाठी एक सामाईक योजना सुचविली. एकाच प्रकारचे शिंपले, एकाच रीतीने गोळा करून, ठराविक काळाने तपासावेत, हे तिचे सार होय. ही योजना 'मसल वॉच' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकेत १९८६ पासून तिला कायम राष्ट्रीय कार्यक्रमाचे स्वरूप आले.

लहान बंदरांतील प्रदूषणाचे जे एक उदाहरण ह्या शास्त्रात वारंवार दिले जाते, ते होड्यांच्या तळाला लावण्याच्या रंगाचे आहे. तळावर शंख-शिंपले चढू नयेत म्हणून ह्या रंगांत ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग घालीत असत. फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पैदास बसली. त्यांची कवचे विकृत होऊ लागली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील लहान बंदरांत गोगलगाईच्या वर्गातील एका प्राण्याच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये उगवू लागली. हा विकार लिटरमागे एक-दोन नॅनोग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणामुळेही होतो, असे पुढे सिद्ध झाले. रासायनिक उपकरणांना जे जेमतेम दिसत होते, ते प्राण्यांच्या शरीरावर स्पष्टपणे उमटले होते. फ्रान्सने १९८२ साली २५ मीटरांहून लहान नौकांवर ह्या रंगास बंदी घातली. २००८ पासून ही बंदी आंतरराष्ट्रीय झाली. भारतीय पाण्यातही हा विकार आढळला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९९ साली क्रोनिया कोंकणेन्सिस ह्या शंखवर्गीय प्राण्यात तो असल्याचे प्रसिद्ध केले.

शिंपला नोंद कशी करतो

द्विपुट प्राण्यांना, म्हणजे ज्यांच्या कवचाची दोन झाकणे असतात अशा मृदुकाय प्राण्यांना, कल्ल्यांचा उपयोग श्वसनाप्रमाणेच अन्न गाळून घेण्यासाठीही होतो. कल्ल्यांवर केसांसारख्या अतिसूक्ष्म पक्ष्माभिका असतात. त्यांच्या सततच्या हालचालीमुळे पाण्याचा प्रवाह आत ओढला जातो. त्यातील शैवलकण, जीवाणू व गाळाचे कण चिकट स्रावात अडकतात आणि तोंडाकडे नेले जातात; नको असलेला गाळ गोळ्यांच्या रूपाने बाहेर टाकला जातो. पाच सेंटिमीटर लांबीचा एक मायटिलस अनुकूल स्थितीत तासाला एक-दोन लिटर पाणी सहज गाळतो. ह्याचा अर्थ असा की, बाटलीत एक लिटर पाणी भरले जाते तेवढ्या काळात खडकावरील प्रत्येक शिंपला आपल्या परीने पाण्याचा नमुना घेतच असतो, आणि तेही दिवसानुदिवस.

शरीरात आलेल्या द्रव्यांचे पुढे काय होते, हे द्रव्यागणिक बदलते. कॅडमियम, तांबे, जस्त, पारा हे धातू पचनग्रंथी व वृक्क ह्यांत मेटॅलोथायोनीन नावाच्या गंधकयुक्त प्रथिनाशी बांधले जातात. मार्गोशेस व व्हॅली ह्यांनी १९५७ साली हे प्रथिन प्रथम घोड्याच्या वृक्कातून वेगळे केले. बांधलेला धातू प्राण्यास फारशी इजा करीत नाही, पण तो बाहेरही लवकर पडत नाही. तेलातील हायड्रोकार्बनांची गोष्ट निराळी. मासे ती यकृतात बऱ्याच वेगाने मोडून टाकतात. द्विपुटांत ही शक्ती फार कमी असल्यामुळे ती त्यांच्या मेदयुक्त भागांत टिकून राहतात. सांडपाण्यातून येणारे जीवाणू तर केवळ गाळले जातात आणि पाणी स्वच्छ झाल्यास थोड्याच काळात निघून जातात.

ह्यावरून एक उपयुक्त भेद हाती येतो. शिंपल्यातील जीवाणूंची संख्या मागील काही तासांची किंवा दिवसांची हकीकत सांगते. हायड्रोकार्बनांचे प्रमाण मागील काही आठवड्यांची. आणि कॅडमियमसारख्या धातूचे प्रमाण मागील काही महिन्यांची. एकाच प्राण्याच्या शरीरात तीन निरनिराळ्या गतीची घड्याळे चालू असतात. कोणत्या घड्याळाकडे पाहावयाचे, हे प्रश्न कोणता विचारला आहे त्यावर अवलंबून असते.

उपनगरांतील खाड्या

मुंबईच्या उपनगरांचे पाणी तीन दिशांनी समुद्राकडे जाते. पश्चिमेस ओशिवरा नदी मालाडच्या खाडीस मिळते आणि ती खाडी वेसावे व मढ ह्यांच्यामधून समुद्रात उघडते. वेसावे व मालाड येथील सांडपाणी केंद्रांचे पाणीही ह्याच खाडीच्या वाट्यास येते. उत्तरेस दहिसर नदी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून निघून मनोरीच्या खाडीस मिळते. ह्याच भागात गोराईच्या खाडीकाठी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. ती २००७ साली बंद करण्यात आली. पूर्वेस मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी व घाटकोपर ह्या उपनगरांच्या कडेने सुमारे २६ किलोमीटर लांबीची ठाण्याची खाडी पसरली आहे. भांडुप व घाटकोपर येथील सांडपाणी तिच्या पश्चिम काठाने येते, तर समोरच्या काठावर १९६० च्या दशकापासून उभी राहिलेली ठाणे-बेलापूर औद्योगिक वसाहत आहे. मिठी नदी मात्र विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून अंधेरीच्या पूर्व भागातून व कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीकडे वळते.

ह्या खाड्यांचे परीक्षण नवीन नाही. वेसाव्यास १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आणि अंधेरीतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र, ह्या दोन्ही संस्था उपनगरातच आहेत. केंद्र शासनाच्या महासागर विकास विभागाने १९९१ साली किनारी पाण्याच्या नियमित परीक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. समुद्रविज्ञान संस्थेतील झिंगडे व देसाई ह्यांनी १९८१ साली ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय काम तुर्भे येथे झाले. भाभा अणुसंशोधन केंद्रातील बरकत पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७० च्या दशकात मुंबई बंदरातील मृदुकाय प्राण्यांमध्ये किरणोत्सारी द्रव्ये कशी साठतात, ह्याचा अभ्यास केला. त्यात चिखलात राहणाऱ्या अनादारा ग्रानोसा ह्या द्विपुटाला महत्त्वाचे स्थान होते. म्हणजे गोल्डबर्ग ह्यांची योजना प्रसिद्ध झाली त्याच सुमारास मुंबईच्या चिखलातील एका शिंपल्याची साक्षही घेतली जात होती.

कोणता शिंपला निवडावा

थंड पाण्याच्या बंदरांतील मायटिलस येथे नाही. त्याचा उष्ण प्रदेशातील नातेवाईक म्हणजे हिरवट कवचाचा पेर्ना विरिडिस. रत्नागिरीकडे त्याला शिनाणे म्हणतात. आशियातील अनेक देशांत मसल वॉचसाठी ह्याच प्राण्याचा उपयोग करण्यात आला आहे. परंतु त्याला चिकटून राहण्यास खडक, दोर किंवा खांब लागतो आणि त्याची प्रकृती समुद्राच्या खाऱ्या पाण्यास मानवणारी आहे. मुलुंड-भांडुपच्या बाजूस जेथे तिवरांखाली केवळ चिखल आहे व पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे होते, तेथे तो मिळण्याची आशा धरणे व्यर्थ होय.

म्हणून उपनगरांसाठी एकच प्राणी पुरत नाही. उघड्या समुद्राजवळील खडकांवर साकोस्ट्रिया कुकुलाटा ही खडकावरील कालवे सापडतात. ओहोटीच्या वेळी कोळी स्त्रिया लोखंडी हत्याराने ती फोडून काढतात. वाळूमिश्रित चिखलात मेरेट्रिक्स वंशाचे व तिसऱ्यांच्या इतर जातींचे शिंपले असतात. निव्वळ मऊ चिखलात वर सांगितलेला अनादारा राहतो. नव्या वर्गीकरणानुसार त्याचे नाव टेजिलार्का ग्रानोसा असे आहे. बहुतेक द्विपुटांचे रक्त जवळजवळ रंगहीन असते. ह्याच्या रक्तात मात्र हीमोग्लोबिन असल्यामुळे ते लाल दिसते आणि प्राणवायूची टंचाई तो अधिक सोसू शकतो. साहजिकच गढूळ खाडीत तो उपयोगी पडतो.

परंतु येथेच अभ्यासकाने सावध झाले पाहिजे. निरनिराळ्या जातींतील आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत. कालवे जस्त व तांबे अतोनात साठवितात. त्यांच्या कोरड्या मांसात ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅमांहून अधिक जस्त असणे ही असाधारण गोष्ट नव्हे. इतर अनेक द्विपुट ह्याच धातूंचे प्रमाण बऱ्याच अंशी नियंत्रित ठेवतात. तेव्हा वेसाव्याच्या कालवात जस्त पुष्कळ आहे आणि ठाण्याच्या खाडीतील तिसऱ्यांत थोडे आहे, एवढ्यावरून वेसावे अधिक दूषित ठरत नाही. त्यावरून फक्त एवढेच सिद्ध होते की, कालव हे कालव आहे व तिसरी ही तिसरी आहे. तुलना करावयाची ती त्याच जातीची, निरनिराळ्या जागी किंवा त्याच जागी निरनिराळ्या वर्षी.

नोंद वाचताना होणाऱ्या चुका

पहिली चूक मांसाच्या वजनाची. समजा, एका शिंपल्याचे कोरडे मांस १ ग्रॅम आहे व त्यात १० मायक्रोग्रॅम कॅडमियम आहे. प्रजननानंतर त्याचे मांस ०.७ ग्रॅम उरले, पण कॅडमियम मुख्यतः पचनग्रंथीत असल्यामुळे ते तेवढेच राहिले. आता प्रमाण ग्रॅममागे १४.३ मायक्रोग्रॅम झाले. खाडीत कॅडमियमचा एक कणही वाढलेला नसताना आकडा चाळीस टक्क्यांहून अधिक चढला. आपल्याकडे अनेक द्विपुटांचे प्रजनन पावसाळ्यातील लवणतेच्या बदलाशी निगडित असल्यामुळे ही चूक विशेष संभवते. तिचा परिहार करण्यासाठी नमुने दरवर्षी ठराविक ऋतूत घ्यावेत आणि प्रमाणाबरोबरच प्रत्येक शिंपल्यातील धातूची एकूण राशी व मांसाची भरही नोंदवावी.

दुसरी चूक आकाराची व जागेची. मोठा शिंपला वयाने मोठा असतो. ओहोटीरेषेच्या वरच्या बाजूचा शिंपला दिवसाचा बराच काळ उघडा पडून मिटलेला असतो. म्हणून ठरलेल्या लांबीचे, एकाच पातळीवरील निदान वीस-पंचवीस प्राणी घेऊन त्यांचा एकत्रित नमुना करणे इष्ट असते.

तिसरी चूक पोटातील गाळाची. आपल्या खाड्यांचे पाणी गढूळ. शिंपल्याच्या अन्नमार्गात चिखल असतोच. तो तसाच ठेवून पृथक्करण केल्यास मांसाऐवजी चिखलातील धातू मोजले जातात. धातूंच्या परीक्षणासाठी जिवंत प्राणी एक-दोन दिवस गाळलेल्या स्वच्छ समुद्रजलात ठेवून पोट रिकामे करून घेतात. जीवाणूंच्या परीक्षेसाठी मात्र असे करणे म्हणजे पुरावा धुऊन टाकणे होय. त्यासाठीचा नमुना बर्फाच्या पेटीतून त्वरित प्रयोगशाळेत नेला पाहिजे.

चौथी चूक सर्वांत सूक्ष्म आहे. शिंपला स्वतःचे दार बंद करू शकतो. पाणी एकाएकी गोडे झाले किंवा त्यात तीव्र विष आले की, तो दोन्ही झाकणे घट्ट मिटून कित्येक तास, प्रसंगी काही दिवस, तसाच राहतो. पावसाळ्याच्या आरंभी पहिल्या मोठ्या सरींबरोबर रस्ते, गटारे व कारखान्यांची अंगणे धुऊन येणारे पाणी खाडीत उतरते. नेमक्या त्याच वेळी आपला साक्षीदार डोळे मिटून बसलेला असण्याचा संभव असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवसाची नोंद शिंपल्यात शोधणे निष्फळ ठरेल. तेवढ्या काळापुरते पाण्याचे व गाळाचे नमुने ह्यांवाचून गत्यंतर नाही. थंड प्रदेशांतील पद्धत जशीच्या तशी उचलून येथे चालत नाही, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

प्रयोगशाळेतील शिस्त सर्वत्र सारखीच असते. मांस धातूच्या सुरीने न कापता प्लॅस्टिकच्या किंवा टायटॅनियमच्या साधनाने काढावे. ते गोठवून, वाळवून, आम्लात विरघळवून अणुशोषण वर्णपटमापकाने किंवा अधिक संवेदनशील वस्तुमान-वर्णपटमापकाने तपासावे. प्रत्येक खेपेस ज्यातील धातूंचे प्रमाण आधीच निश्चित झाले आहे असा प्रमाणित शिंपल्याचा चूर्ण-नमुनाही सोबत तपासावा. ही शेवटची पायरी वेळेअभावी गाळली, तर दहा वर्षांनंतरच्या विद्यार्थ्याला आजच्या आकड्यांचा काहीच उपयोग राहत नाही.

शिंपला नसेल तेव्हा

आतापर्यंतचे विवेचन शिंपला जागेवर आहे, असे गृहीत धरून केले. परंतु उपनगरांच्या खाड्यांतील खरा बिकट प्रश्न ह्याच्या उलट आहे. नाले व सांडपाणी जेथे मिळतात, तेथे सेंद्रिय द्रव्यांच्या कुजण्यामुळे ओहोटीच्या वेळी पाण्यातील प्राणवायू फार उतरतो. अशा चिखलात काही सोशीक पॉलिकीट कृमी तेवढे तग धरतात. द्विपुट नाहीसे होतात. मग नकाशावर त्या जागी आकडाच नसतो. वाचक, आणि पुष्कळदा शासनही, रिकाम्या जागेचा अर्थ 'दोष आढळला नाही' असा करतात. वास्तविक सर्वाधिक दूषित जागी साक्षीदार मरून गेलेला असतो. केवळ जिवंत शिंपल्यांच्या आकड्यांवरून काढलेली सरासरी, मेलेल्या जागा वगळल्यामुळे, खाडीची स्थिती आहे त्याहून बरी दाखविते.

म्हणून शिंपल्याचा अभाव ही स्वतंत्र नोंद मानली पाहिजे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षेत्रफळाचा चिखल चाळून किती जिवंत प्राणी मिळाले, किती रिकामी कवचे मिळाली, हे लिहून ठेवावे. रिकामी कवचे पुष्कळ असतील, तर तेथे पूर्वी हे प्राणी राहत होते, असा तर्क करता येतो; मात्र ती भरतीने वाहून आलेली नाहीत, ह्याची खात्री करावी लागते. अशा जागेसाठी दुसराही उपाय आहे. स्वच्छ जागेतील शिंपले जाळीच्या पिंजऱ्यात घालून धक्क्याला किंवा तरंडाला टांगून ठेवावेत व काही आठवड्यांनी तपासावेत. ते जगले तर त्यांतील द्रव्ये मोजता येतात. मेले तर किती दिवसांत किती मेले, हाच मापनाचा आकडा होतो.

अन्य प्राण्यांच्या अस्तित्वावरून अनुमान करतानाही जपून राहावे. मायटिलोप्सिस सॅली हा अटलांटिकच्या उष्ण किनाऱ्यावरील लहान शिंपला १९६७ साली विशाखापट्टणच्या बंदरात आढळला. पुढे तो मुंबईच्या बंदरातही वाढला आणि १९७५ साली करंदे व मेनन ह्यांनी भारतीय बंदरांतील नवा आगंतुक म्हणून त्याचे वर्णन केले. घाण व बदलती लवणता तो चांगली सोसतो. त्याचे दाट थर पाहून पाणी सुधारले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. तीच गोष्ट रोहित पक्ष्यांची. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्याचा व २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही आनंदाची घटना आहे. परंतु हे पक्षी ज्या शैवलावर व सूक्ष्म जीवांवर पोसतात, त्यांच्या वाढीस सांडपाण्यातील नत्र व स्फुरद ह्यांचाही हातभार लागतो. पक्षी आले म्हणजे तिसऱ्या खाण्यास योग्य झाल्या, असे नव्हे.

मोजमाप आणि खाणारा

हवामानखात्याचे पर्जन्यमापक कोणी खात नाही. शिंपला हे मात्र असे मापनयंत्र आहे की, जे संध्याकाळी कोणाच्या तरी ताटात जाते. वेसावे, मढ, मनोरी, गोराई, भांडुप, तुर्भे येथील कोळीवाड्यांत आणि खाडीकाठच्या गरीब वस्त्यांत कालवे व तिसऱ्या हे फुकट किंवा स्वस्त मिळणारे उत्तम अन्न आहे. त्यामुळे ह्या विषयातील चुकीचा आकडा केवळ शास्त्रीय चूक राहत नाही. तो खरा नसताना भयंकर म्हणून प्रसिद्ध झाला, तर एका कोळिणीचा बाजार बसतो. खरा असताना दडून राहिला, तर तिच्याच मुलांच्या आरोग्यास धोका पोहोचतो.

धोका कोणत्या प्रमाणाचा असू शकतो, ह्याची दोन उदाहरणे आहेत. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या पाण्यातील मिथिल-पारा मासे व शिंपल्यांच्या द्वारे माणसांत पोहोचला. त्यामुळे होणारा रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. १९८८ साली शांघायमध्ये सांडपाण्याने दूषित झालेले, रक्तवर्णी द्विपुटांच्याच कुळातील शिंपले अर्धवट शिजवून खाल्ल्यामुळे सुमारे तीन लाख लोकांना यकृतदाह-अ ह्या रोगाची बाधा झाली. पहिल्यात धातू, दुसऱ्यात विषाणू. प्राणी मात्र तोच, गाळून घेणारा.

युरोपातील नियमांनुसार १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जीवाणूंची संख्या २३० पर्यंत असलेल्या क्षेत्रातील शिंपले थेट विकता येतात. ४,६०० पर्यंत असल्यास ते आधी शुद्ध पाण्यात ठेवून निर्मळ करावे लागतात. कॅडमियमची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम आहे. ह्या आकड्याचा अर्थ ताटाच्या भाषेत असा : जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना ह्यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने २०१० साली शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्यास २५ मायक्रोग्रॅम कॅडमियम ही सह्य मर्यादा ठरविली. ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ती १.२५ मिलिग्रॅम होते. किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम असलेले २०० ग्रॅम मांस एका वेळी खाल्ल्यास ०.२ मिलिग्रॅम पोटात जाते. म्हणजे इतर अन्नातील कॅडमियम न धरताही महिन्यातील सहा जेवणांत ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. सणासुदीला तिसऱ्या खाणाऱ्याला हा प्रश्न नाही. आठवड्यातून दोनदा खाणाऱ्याला आहे. उकळल्याने जीवाणू मरतात, स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवल्याने त्यांची संख्या घटते. धातूंवर ह्या दोहोंचाही उपाय चालत नाही.

आकस्मिक अपघाताच्या वेळी तर पूर्वीच्या नोंदींचे मोल अधिकच जाणवते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एम.एस.सी. चित्रा व खलिजिया-३ ह्या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल पाण्यात पसरले. अशा प्रसंगी मासळी खावी की न खावी, हा प्रश्न त्याच दिवशी विचारला जातो. शिंपल्यातील तेलाचे प्रमाण वाढले किंवा किती आठवड्यांनी ते पूर्ववत झाले, हे सांगण्यास अपघातापूर्वीचा, त्याच जागेचा, त्याच जातीचा आकडा हाताशी लागतो. तो अपघातानंतर निर्माण करता येत नाही.

समारोप

ह्या सर्व विवेचनावरून उपनगरांतील खाड्यांसाठी परीक्षणाची रूपरेषा स्पष्ट होते. प्रत्येक खाडीत समुद्राच्या तोंडापासून आतल्या टोकापर्यंत काही कायम जागा ठरवाव्यात. खडकावर कालवे, वाळूमिश्रित चिखलात तिसऱ्या व मऊ चिखलात अनादारा घ्यावा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा, त्याच रीतीने नमुने गोळा करावेत. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात पाण्याची व गाळाची वेगळी तपासणी करावी. जेथे प्राणी नाहीत तेथे पिंजरे टांगावेत आणि अभावाचीही तितक्याच काळजीने नोंद करावी. ह्यांतील बहुतेक काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. त्यास ओहोटीचे वेळापत्रक, मोजपट्टी, चाळणी व चिखलात उतरण्याची तयारी एवढेच भांडवल आरंभी पुरते. महागडी उपकरणे पुढच्या पायरीवर लागतात.

मात्र एका प्रबंधापुरते दोन वर्षांचे आकडे गोळा करून थांबण्यात फारसा अर्थ नाही. शिंपल्याच्या पद्धतीचे सारे सामर्थ्य सातत्यात आहे. एका विद्यार्थ्याने ठरविलेल्या जागी त्याच्या नंतरच्या विद्यार्थ्याने उभे राहावे, त्याच लांबीचे प्राणी उचलावेत आणि निष्कर्ष प्रयोगशाळेच्या वहीत न ठेवता ज्या कोळीवाड्याच्या खाडीतून ते आणले तेथील लोकांना त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावेत. ज्यांच्या अन्नातून नमुना उचलला जातो, त्यांचा त्या नमुन्याच्या उत्तरावर पहिला हक्क आहे.